गणपतीपुळ्याचं देवमाशाचं पिल्लू आणि सरांचा लाल शाईतला प्रश्न

बावडेकरीण

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

विषय लेकीच्या शाळेचा, पण आता आख्ख्या घराच्या डोक्यात बसलाय. २०२३ च्या दिवाळीत पाडव्याला आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. ओवाळणं पहाटेच उरकलं, फराळाचे डबे डिकीत टाकले, साखरप्याला चहा आणि दुपारच्या आत पुळं. देवळात जायच्या आधीच किनाऱ्यावरची गर्दी दिसली. देवमाशाचं पिल्लू वाळूत येऊन पडलेलं. पिल्लू म्हणजे वीस फुटांचं, टेम्पो ट्रॅव्हलरएवढं. लोक बादल्या, कळश्या, हाताला लागेल त्याने पाणी मारत होते. अंगावर ओली फडकी टाकलेली. डोक्यावरच्या भोकातून श्वास सोडला की सायकलच्या ट्यूबमधली हवा सुटावी तसा आवाज यायचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. तेवढा वेळ आम्ही सगळेच श्वास धरून उभे. लेक तेव्हा पाचवीत. तिने विचारलं, "आई, याला करंजी चालेल का?" आजूबाजूचे हसले आणि ती रडायला लागली.

चाळीसेक तास झगडून लोकांनी ते समुद्रात परत नेलं. आम्ही तोवर घरी आलो होतो, बातमी टीव्हीवर बघितली. तिने टाळ्या वाजवल्या. पण पुढे ते मेलेलंच पुन्हा किनाऱ्याला लागलं. मी लपवून ठेवलं होतं, पण व्हॉट्सॲपपासून काय लपतंय!

आता ती सातवीत आहे. प्रकल्प आहे हवामान बदलाचा. आमच्या लेकबाईसाहेबांनी तक्त्यावर पिल्लाचं चित्र काढून खाली ठळक अक्षरात लिहिलं: "समुद्र गरम झाला म्हणून देवमासा मेला." सरांनी त्याखाली लाल शाईने एकच शब्द लिहून तक्ता परत पाठवला. "पुरावा?"

प्रश्न रास्त आहे. मी बी. कॉम., नवरा पंपाच्या धंद्यात. आमच्याकडे पुरावा नाही. तुमच्याकडे असेल तर समजावून सांगा, नुसत्या लिंका नकोत.

तर्रीबाज

ताई, पिल्लाने उलटी केली का ते बघितलंत का? किलोला कोटीचा भाव हाय म्हणे. दर दोन-चार महिन्यांनी पेपरात फोटो असतोय, एक पोलीस, दोन पोरं आणि मध्ये टेबलावर साबणासारखा गोळा. आपल्या जिल्ह्याचा देवमाशाशी तेवढाच संबंध.

शंखशिंपले

@तर्रीबाज, ती 'उलटी' म्हणतात ती स्पर्म व्हेल या एकाच दातवाल्या जातीच्या (आणि तिच्या दोन चुलत भावंडांच्या) आतड्यात तयार होते. पुळ्याचं पिल्लू बिनदाताचं होतं, तोंडात झालर असलेल्यांपैकी. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती बाळगणं हाच गुन्हा आहे, विकणं लांब राहिलं. टेबलामागच्या पोरांना कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं.

बावडेकरीण ताई, मी राजारामपुरीचा, सध्या गोव्यात समुद्री जीवशास्त्राचं काम करतो. रात्री सविस्तर लिहितो. तोवर एवढंच: सरांचा शब्द खोडू नका. तो तक्त्यावर तसाच राहू द्या.

जुना_पेठकर

सरांना माझा नमस्कार सांगा. शिवाजी पेठेतल्या चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत हल्ली पाऊस पडला तरी हवामान बदल आणि नाही पडला तरी हवामान बदल.

तमिळनाडूत तुतिकोरीनजवळ मणपाड म्हणून गाव आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या किनाऱ्यावर ऐंशीच्या वर पायलट व्हेल येऊन पडले. तेव्हाही 'निसर्गाचा कोप' वगैरे झालं. पण त्याच किनाऱ्यावर १९७३ मध्ये १४७ आले होते! तेव्हा कुठला हवामान बदल? हे प्राणी कळपाने राहतात. पुढचा चुकला की मागचे जातात. स्वतःच्या आवाजाच्या पडसादावरून वाट काढतात, किनारा उथळ असेल तर तो पडसाद नीट मिळत नाही आणि फसतात. देवमासे किनाऱ्याला लागणं माणसापेक्षा जुनं आहे.

मुलीला निरुत्साही करायचं नाही. पण चुकीचं वाक्य सुंदर अक्षरात लिहिलं म्हणून बरोबर होत नाही.

शंखशिंपले

पेठकर काकांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि इथूनच सुरुवात करायला हवी. पुळ्याच्या त्या पिल्लाला नेमकं काय झालं हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढं पिल्लू आईच्या दुधावरच असतं. आई जवळपास नव्हती म्हणजे आधीच ताटातूट झालेली. का झाली? जहाज, जाळं, आजार, भूक, काहीही असेल. वाळूवर त्याचं स्वतःचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर येत होतं. पाण्यात परत नेलं तरी दूध कोण देणार?

तेव्हा "हा देवमासा कशाने मेला" हा प्रश्न सोडा. "देवमाशांचं जेवण कुठे गेलं" हा विचारा. याचा पुरावा ढिगाने आहे.

सगळ्यात स्वच्छ गोष्ट अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावरची. तिथे नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल नावाची जात आहे. शिकारीला 'राइट', म्हणजे सोयीची, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. संथ पोहायची आणि मेली तरी तरंगायची. शिकार थांबून कैक दशकं झाली, हळूहळू सावरत होती. हा पन्नास फुटांचा प्राणी खातो काय, तर तांदळाच्या दाण्याएवढा एक जीव, कॅलेनस. पण दाणा तेलाने भरलेला. मेनच्या आखातात उन्हाळ्यात त्याचे थवे असायचे.

२०१० नंतर ते आखात झपाट्याने तापलं, जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा जास्त वेगाने. कॅलेनस थंड पाण्यातला जीव. तो आटला. मग व्हेलनी काय केलं? भूक नेईल तिकडे गेल्या, वर कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात. तिथे त्या येतील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जहाजांना वेगाची मर्यादा नव्हती, खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या दोरांना काही नियम नव्हते. २०१७ या एका वर्षात १७ मेल्या, १२ कॅनडात आणि ५ अमेरिकेत. आख्ख्या जगात ही जात चारशेच्या आत उरली आहे, त्यातल्या सतरा!

आता त्या मेलेल्या व्हेलच्या शवविच्छेदनात काय लिहिलं जातं? 'जहाजाची धडक.' 'दोरात अडकून मृत्यू.' 'समुद्र तापला' असं कुठल्याच कागदावर येत नाही. सरांना पुरावा हवाय तो असा आडून येतो.

आणखी एक. जी मेली नाही तिचंही नुकसान मोजता येतं. पूर्वी या जातीच्या माद्यांना तीन-चार वर्षांनी पिल्लू व्हायचं, आता सात ते दहा वर्षं जातात. अंगावर चरबीच नाही तर गर्भ कसा धरणार आणि दूध कुठून आणणार?

बावडेकरीण

हे मी लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गल्लीतलं दुकान बंद झालं म्हणून हायवे ओलांडून जावं लागलं आणि गाडीने उडवलं." मी गप्प.

शंखशिंपले

तिला माझ्या जागेवर घ्या.

निंबोळी

पुण्याहून हजेरी. माहेर निपाणी, त्यामुळे कोल्हापूर आपलंच. जीवशास्त्र माझा प्रांत नाही, पण समुद्राचं तापणं हा रोजचा विषय, म्हणून अरबी समुद्राचं सांगते. अटलांटिक लांब आहे, पुळं आपलं आहे.

आपण हवेत जी जादा उष्णता कोंडतोय त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्र गिळतो. आपल्याला बाहेर जो उकाडा जाणवतो तो उरलेला चिल्लर भाग.

आता मिसळीचा कट डोळ्यासमोर आणा. वर तर्री, खाली रस्सा. तर्री हलकी म्हणून वर तरंगते, चमच्याने ढवळल्याशिवाय खालचं वर येत नाही. समुद्राचंही तसंच. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड. खत खाली असतं, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट वगैरे, मेलेलं सगळं कुजून तळाशी गेलेलं. ऊन वर असतं. वनस्पती-प्लवंग म्हणजे डोळ्याला न दिसणारं समुद्राचं गवत. ते उगवायला खत आणि ऊन एकत्र यावं लागतं. आपल्याकडे ढवळायचं काम नैऋत्य मोसमी वारा करतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याने तो असा घोंघावतो की वरचं पाणी बाजूला सरतं आणि खालचं गार, खताचं पाणी वर येतं. जून ते सप्टेंबर तो पट्टा जगातल्या सुपीक समुद्रांपैकी एक असतो.

तर्रीचा थर जाड झाला तर तोच चमचा अपुरा पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास आहे: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवंग २० टक्क्यांपर्यंत घटलं. गवत घटलं की त्यावरचे कोळंबीसारखे बारके जीव घटतात, मग तारली, मग तिच्यावरचे.

अवांतर: याच तापलेल्या समुद्रावर वादळंही पोसली जातात. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. आणि त्याच समुद्राची वाफ आपल्या घाटावर येऊन कोसळते. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. माझ्या मावशीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. एकट्या त्या पुराला समुद्र जबाबदार असं मी म्हणत नाही (पेठकर काका बघतायत).

जुना_पेठकर

बघतोय. मिसळ पटली.

घाटउतार

मी गेली अठरा वर्षं मासळीची गाडी मारतोय. रात्री बाराला रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातनं माल भरायचा, पहाटे चार-साडेचारला कोल्हापूर. शिकलेलो न्हाई जास्त पण तारलीचं विचारा.

मी नवा होतो तवा तारली म्हंजे फुकटचा माल. मोठ्या गिऱ्हाइकाला सुरमई दिली की वर दोन वाटे तारली अशीच टाकायची. कोल्हापुरात खाणारं गिऱ्हाईकच कमी, सगळ्यांना पापलेट-सुरमई पायजे. मग मधी चार-पाच वर्षं अशी गेली की तारली बघायला मिळंना. परत एका साली एवढी आली की क्रेट कमी पडले. तांडेल म्हणत्यात आता तिचा काय नेम न्हाई. आदी कुठल्या महिन्यात कुठं लागणार ते बापजाद्यापासनं पाठ होतं, आता मशीनवर बघून पळायला लागतंय आणि डिझेलातच सगळं जातंय.

आणि बर्फ. आदी एका पेटीला जेवढा बर्फ टाकायचो त्येच्या दीडपट टाकतोय. आंबा घाट चढून वर आलो की पूर्वी गार वारं लागायचं, पेटी उघडून बघायची गरज न्हवती. आता मलकापूरला थांबून पाणी सोडायला लागतंय.

ह्यो पुरावा हाय का न्हाई मला म्हाईत न्हाई.

शंखशिंपले

@घाटउतार दादा, तुम्ही जे सांगितलंत त्याचे आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेकडे आहेत. केरळात २०१२ मध्ये तारलीची पकड जवळपास चार लाख टन होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्या आसपास आली. लाखांवरून हजारांवर. मग पुन्हा वाढली. मधल्या काळात २०१५-१६ चा जबरदस्त एल निनो होऊन गेला. तारली पाण्याच्या बाबतीत भलतीच चोखंदळ आहे, आणि अतिमासेमारीने पिचलेली असली की एक वाईट वर्षही तिला झेपत नाही.

आपल्या समुद्रातले ब्रायडीज व्हेल बरंचसं पोट याच तारली-बांगड्यासारख्या थव्याने फिरणाऱ्या मासळीवर भरतात. तुमचं गिऱ्हाईक आणि त्यांचं ताट एकच.

मांडवीकर

रत्नागिरीतून. इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

सगळं हवामानावर ढकललं की बाकीचे मोकळे! पर्ससीनची एवढाली जाळी, रात्री एलईडीचे दिवे लावून थवेच्या थवे उपसणं, हे कोण करतं? एलईडीची मासेमारी २०१७ पासून बंद आहे. कागदावर. रात्री किनाऱ्यावर उभे राहा, समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. देवमाशाची तारली खाल्ली कोणी? गरम पाण्याने की आम्ही? आणि जाळ्यात गुरफटून मेलेले डॉल्फिन मी स्वतः भाट्याच्या वाळूवर बघितलेत. शेपटीवर दोराचा वळ असा की सुरीने कापल्यासारखा. त्यांना काय उष्माघात झाला होता?

पुळ्याला त्या दिवशी आमचीही पोरं होती. भाऊबीज सोडून कमरेएवढ्या पाण्यात उभी. बहिणी डब्यात फराळ घेऊन किनाऱ्यावर आल्या होत्या. हे कुठल्या पेपरात आलं नाही म्हणून लिहिलं.

शंखशिंपले

मांडवीकर, तुमचा राग रास्त आहे आणि डॉल्फिनचं निदानही. आपल्या किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनना आणि पाठीवर पर नसलेल्या पॉर्पॉइजना आज सगळ्यात मोठा धोका जाळ्यांचाच आहे. त्यात मतभेद नाही.

फक्त गरम पाणी आणि जाळं ही दोन वेगळी खाती नाहीत, एवढं एका उदाहरणाने सांगतो. २०१४ ते २०१६ पॅसिफिकमध्ये अलास्का ते कॅलिफोर्निया एक प्रचंड गरम पाण्याचा डबका साचला होता. शास्त्रज्ञांनीच त्याला 'ब्लॉब' नाव दिलं. गार, सुपीक पाण्याचा पट्टा किनाऱ्यालगत चिंचोळा उरला. हम्पबॅक व्हेल खाण्याच्या मागे त्या पट्ट्यात आल्या. त्याच गरम पाण्यात विषारी शैवाल माजलं, ते खेकड्यांत उतरलं, म्हणून खेकड्यांचा हंगाम काही महिने पुढे ढकलला. परिणाम असा की हंगाम सुरू झाला तो नेमका व्हेल किनाऱ्याशी जमल्या तेव्हा. हजारो पिंजरे, प्रत्येकाला एक उभा दोर. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर पूर्वी वर्षाला दहाच्या आसपास व्हेल दोरात सापडायच्या, २०१५ आणि २०१६ मध्ये दर वर्षी पन्नासच्या आसपास सापडल्या. दोर कोळ्याचा, पण तिला दोरापाशी कोणी आणलं?

आणि जाळ्यातून सुटलेल्यांचंही काही बरं झालं नाही. २०१२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये सुमारे ३३ हजार हम्पबॅक होत्या, २०२१ पर्यंत साडेसव्वीस हजारांवर आल्या.

तर्रीबाज

मस्करी बाजूला. एक शंका. माणूस उकाड्याने मरतो तसा देवमासा गरम पाण्यानेच थेट मेला, असं कधी झालंय का? तसं असेल तर सरांचं तोंडच बंद.

शंखशिंपले

समुद्रात थेट असं क्वचित. व्हेलला पोहून जाता येतं. पण जाता येत नाही तिथे झालंय, आणि तेही पुळ्याच्या जेमतेम सहा-सात आठवडे आधी.

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात टेफे नावाचा तलाव आहे. २०२३ च्या सप्टेंबरअखेर दुष्काळाने तो आटून उथळ झाला आणि पाण्याचं तापमान ३९ अंशांच्या पुढे गेलं. बंबातलं पाणी, विसण न घालता. तिथले गुलाबी आणि राखाडी डॉल्फिन पटापट मरून तरंगायला लागले. काही आठवड्यांत दीडशेच्या वर. नदीतले डॉल्फिन असले तरी कुळ तेच, आणि पळायला वाट नव्हती.

निंबोळी

रंकाळ्यात मे महिन्यात हात घालून बघितलाय कोणी? नुसतं विचारतेय.

जुना_पेठकर

दोन आक्षेप, मग मी गप्प बसतो.

एक, किनाऱ्याला लागणारे देवमासे वाढले म्हणतात. वाढणारच. पूर्वी एखादं धूड सड्याखाली कुजून जायचं, कावळ्यांशिवाय कोणाला पत्ता नसायचा. आज दहा मिनिटांत व्हिडिओ. नोंदी वाढल्या म्हणजे घटना वाढल्या असं नाही.

दोन, ग्रे व्हेलबद्दल मी वाचलं. अलास्काकडे खाऊन मेक्सिकोत विणीला जाणारी जात. २०१९ पासून ढिगाने मेल्या म्हणून ओरड झाली. पण त्याआधी २०१६ मध्ये त्या २७ हजार होत्या, शिकार थांबल्यानंतरचा उच्चांक! कुरणापेक्षा गुरं जास्त झाली की काही मरतातच. धनगराला विचारा.

शंखशिंपले

काका, वादात असा माणूस पाहिजे.

पहिला आक्षेप बराच खरा आहे. कोचीच्याच संस्थेच्या अभ्यासात भारताच्या नैऋत्य किनाऱ्यावर २०१४ ते २०२३ या दशकात व्हेल लागण्याचं प्रमाण आधीच्या दशकाच्या सुमारे दहापट दिसलं. त्यात मोबाइलचा वाटा आहेच. पण दहापट सगळी मोबाइलची म्हणायला जीव धजत नाही. बहुतेक नोंदी ऑगस्ट ते नोव्हेंबरमधल्या आहेत. मोबाइल काय फक्त पावसाळ्याच्या शेवटी चालतो?

दुसरा आक्षेप अर्धा बरोबर. ग्रे व्हेलमध्ये १९९९-२००० मध्येही अशीच मर झाली होती आणि मग त्या भराभर सावरल्या. कुरणाचा हिशेब तेव्हा जुळत होता. या वेळची मर २०२३ अखेर संपली असं जाहीर झालं, पण आकडा वर टिकेचना. २०२५ मध्ये तो १३ हजारांच्या आसपास होता. गुरं निम्मी झाली तरी कुरण पुरत नाही, तर कुरणाकडे बघायला हवं ना?

ते कुरण असं: उत्तरेत समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला शैवाल चिकटून वाढतं. बर्फ वितळला की ते तळाशी पडतं, आणि तळाच्या चिखलात राहणारे उवांसारखे बारके जीव ते खातात. ग्रे व्हेल कुशीवर वळून तो चिखल तोंडाने उपसते. बर्फच कमी आणि लवकर जाणारा, तर वरून ताटात पडणार काय? दक्षिण ध्रुवाकडे क्रिलचं, म्हणजे तिथल्या व्हेल खातात त्या कोळंबीसारख्या बारक्या जिवांचं, बरंचसं हेच. त्यांची पिल्लं हिवाळा बर्फाखालचं शैवाल खरवडून काढतात.

वॉलरसचं तर बोलायलाच नको. बर्फाच्या तराफ्यावर बसून बुड्या मारणारा प्राणी, तराफाच गेला. २०१४ मध्ये अलास्कात पॉइंट ले गावाजवळ एका किनाऱ्यावर ३५ हजार वॉलरस येऊन बसले होते. तिथे चेंगराचेंगरीत पिल्लं मरतात.

मांडवीकर

आपल्या समुद्रातल्या देवमाशांना पळून जायला वर जागाच कुठे आहे? अटलांटिकवाल्या कॅनडात गेल्या. अरबी समुद्राला वर गुजरात आणि कराची.

शंखशिंपले

मांडवीकर, मला शेवटी जे लिहायचं होतं ते तुम्ही एका ओळीत लिहिलंत.

जगभरच्या हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात विणीला येतात. अपवाद एकच, अरबी समुद्रातली. ती कुठेच जात नाही. मोसमी वारा तिला घरबसल्या वाढतो, निंबोळीताईंनी सांगितलेला तोच चमचा. जनुकांवरून दिसतं की ती सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळी राहिली आहे. हे आधी कळलं कसं, तेही विचित्र आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात चोरून अडीचशेच्या आसपास हम्पबॅक मारल्या. कापताना नोंदी ठेवल्या होत्या: पोटात तारली-बांगडा, गर्भांची वाढ उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाची. कागद नव्वदच्या दशकात बाहेर आले तेव्हा उलगडलं की या इथल्याच, पाहुण्या नव्हेत.

आज ओमानच्या बाजूला त्या शंभराच्याही आत आहेत असा अंदाज आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात तिथे एका मादीला उपग्रहाचा टॅग लावला. तिचं नाव ठेवलं लुबान, म्हणजे आपला लोबान, शब्द तोच. सगळ्यांना वाटलं ती नेहमीसारखी ओमानच्या काठाने फिरेल. ती सरळ समुद्र ओलांडून डिसेंबरात गोव्यासमोर आली आणि पुढे कन्याकुमारीच्या बाजूला उतरली. माझ्या सध्याच्या खोलीच्या खिडकीतून जो समुद्र दिसतो त्याच्यापलीकडून ती गेली असणार, तेव्हा मी राजारामपुरीत बारावीच्या क्लासला होतो.

वारा कमी-जास्त झाला, तर्री जाड झाली, तर त्या कुठे जाणार? वर जमीन आहे. खाली विषुववृत्त, म्हणजे आणखी गरम पाणी, आणि तिकडे आधीच दुसऱ्यांची वस्ती.

घाटउतार

गाणं म्हणत्यात ना ह्या? आमच्या एका खलाशाने सांगितलेलं, रात्री इंजिन बंद केलं की बोटीच्या लाकडातनं आवाज येतोय.

शंखशिंपले

नर म्हणतात. आणि लाकडातून येतो, बरोबर ऐकलंय त्याने.

बावडेकरीण

मंडळी, दहा दिवसांनी येतेय. सहामाही आडवी आली.

लेकीने धागा सगळा वाचला. घाटउतार दादांची पोस्ट तीनदा. गेल्या रविवारी तिच्या हट्टापायी रत्नागिरीला झाडगावच्या मत्स्यालयात जाऊन देवमाशाचा सांगाडाही बघून आलो. ती त्याच्या जबड्याखाली उभी राहून फासळ्या मोजत बसली, नवरा मोबाइलवर पंपाच्या ऑर्डरी घेत बसला. येताना मिरकरवाड्यात तारली मागितली तर बाई म्हणाली, "कोल्हापूरचे ना? तुम्ही सुरमई न्या."

तक्ता नवीन केलाय. पिल्लाचं चित्र जुनंच कापून चिकटवलं, लाल 'पुरावा?' सकट. खाली तिने लिहिलंय:

"हा देवमासा कशाने मेला ते नक्की माहीत नाही. पण समुद्र गरम झाल्यामुळे देवमाशांचं जेवण हललं आहे. त्याचे पुरावे पुढीलप्रमाणे." मग मिसळीच्या वाटीचं चित्र, तर्रीला बाण दाखवून 'गरम पाणी'. मग कॅलेनसच्या जागी खरोखरचा एक तांदळाचा दाणा चिकटवलाय. सर्वांत खाली, मी नको म्हणत असताना, "आभार: एक मासळीवाले काका."

काल तक्ता परत आला. सरांची लाल शाई तांदळाच्या दाण्याशेजारी: "इंद्रायणी की कोलम?" आणि खाली: "तारलीचं चित्र राहिलं. काढ."

घाटउतार

ताई, चित्र कशाला. शुक्रवारी गाडी येतीया, चार तारली बाजूला काढून ठेवतो. पोरीला सांगा, समोर ठेवून काढ म्हणावं. आणि काढून झाल्यावर तळा.